भावकीची वंशावळ

‘कुटुंब’ या एका शब्दाला मराठीत किती शेजारी आहेत हे एकदा मोजून पाहावे. घर, घराणे, कूळ, भावकी, गोत, गोतावळा, सगेसोयरे. हे सारे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण खेडेगावात ते एकाच अर्थाचे नाहीत. गोतावळा म्हणजे आपली म्हणता येतील अशी सारीच माणसे. सगे म्हणजे रक्ताचे. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले. आणि भावकी म्हणजे एका मूळ पुरुषापासून मुलामुलाकडून खाली आलेली माणसे. त्यांचे कुलदैवत एक, देवक एक, आणि कोणी गेले की सुतकही एक. २०२४ च्या जानेवारीत शासनाच्या एका मसुद्यात ‘सगेसोयरे’ हा शब्द आला आणि महिनाभर वर्तमानपत्रांत त्याच्या व्याख्येचा काथ्याकूट चालला. आमच्या आजीला ती व्याख्या विचारली असती तर तिने दोन वाक्यांत सांगितली असती.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भावकीचा मेळावा भरला. शहरातील घराणी ‘कुलसंमेलन’ भरवतात, स्मरणिका काढतात, कुलवृत्तांत छापतात. आमच्याकडे असे काही नव्हते. इंदापूर तालुक्यातील भीमाकाठच्या गावात, अक्षय्य तृतीयेला सर्वांनी जमावे आणि पितरांना एकत्र पाणी द्यावे, एवढेच ठरले होते. ७ मे रोजी लोकसभेचे मतदान होते. त्यासाठी पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची मंडळी गावी आलीच होती. १० मे रोजी अक्षय्य तृतीया. तीन दिवस थांबायला कोणाची ना नव्हती. तेथे जे पाहिले व ऐकले त्यातून भावकी ही संस्था कशी चालते याविषयी मला जे उमगले ते येथे मांडत आहे. समाजशास्त्राच्या तासाला ‘पितृवंशीय’ हा शब्द आपण सर्वांनीच ऐकला आहे. तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे सांगावे, एवढाच हेतू.

प्रथम भावकीचे गणित. इंग्रजीत ‘कझिन’ या एका शब्दात जी नाती कोंबली जातात, त्यांना मराठीत चार वेगळी नावे आहेत : चुलत, आते, मामे आणि मावस. रक्त पाहिले तर चौघेही सारखेच जवळचे. भावकीत मात्र चुलत तेवढा बसतो. आतेभाऊ सोयऱ्याच्या घरचा, मामेभाऊ आईच्या माहेरचा, मावसभाऊ तिसऱ्याच घरचा. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात दाखवून दिले आहे की, उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, किंबहुना पूर्वी तो हक्कच मानीत. पण चुलत बहीण ही सख्ख्या बहिणीसारखी. आत्याच्या घरी भाची सून होऊन जाते ती याच वाटेने. म्हणजे दिल्या घरी गेलेली मुलगी पुढच्या पिढीत आपल्याच माहेरची मुलगी मागून आणते व सुटलेला धागा पुन्हा गाठते. भावकीत तिला जागा नसते, म्हणून ती सोयरीक घट्ट करते, असेही म्हणता येईल.

भावकीची हजेरी लागते ती सुतकात. लग्नात कोण आले नाही हे लोक विसरतात. सुतक कोणी धरले नाही हे विसरत नाहीत. जवळच्या भावकीला दहा दिवस, पिढ्या फार दूर गेल्या की तीन दिवस. लग्न झालेल्या मुलीला मात्र जन्मदात्या बापाचेही तीनच दिवस. याउलट चुलत्याच्या चुलत्याचा नातू, ज्याला आपण आयुष्यात दोनदा पाहिले असेल, तो मात्र दहा दिवसांचा धनी. हा हिशेब प्रेमाचा नाही हे उघड आहे. मग तो कशाचा?

याचे उत्तर वंशावळीच्या इतिहासात सापडते. पेशवाईत आणि त्याही आधी पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने होती. वतनावर दोन घरांचा दावा लागला की गोतसभा भरे, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. वादी-प्रतिवादी आपापली हकीकत लिहून देत तिला करीना म्हणत. आणि त्या करीन्यात मूळ पुरुषापासूनची वंशावळ हाच मुख्य पुरावा असे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० साली झाली. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या पिढीतील संशोधकांनी गावोगावच्या घराण्यांची जी दप्तरे धुंडाळली त्यांत असे कागद विपुल आहेत. तात्पर्य, पूर्वजांच्या आठवणीसाठी म्हणून वंशावळ जपली गेली असे आपण समजतो. पण पुष्कळदा ती लिहिली गेली हिश्शासाठी. ज्याला वतनात वाटा त्याचे नाव कागदावर. मुलीला वाटा नव्हता, म्हणून मुलीचे नाव नव्हते. गावची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. पण वंशावळ काढण्याची रीत तशीच राहिली.

आमच्या मेळाव्यात जी वंशावळ भिंतीवर लावली होती ती आमच्या एका चुलत चुलत्यांनी तयार केली होती. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारी भावकी त्यांना गुरुजी म्हणते. त्यांनी दोन वर्षे खपून ती जमवली होती. अशी वंशावळ कशी जमवतात हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

पहिला आधार तलाठ्याच्या दप्तराचा. सातबारा आजची स्थिती सांगतो. मागचे सांगतो तो फेरफार. कोण कधी वारला आणि त्याच्या जागी कोणाची नावे लागली, हे फेरफाराच्या नोंदींतून एकेक पिढी मागे जात वाचता येते. दुसरा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरचा. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. तिसरा आधार कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना नंबर १४ चा. गावातील जन्ममृत्यू त्यात नोंदलेले असत. जुनी पाने मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना तालुक्याच्या गावी कसा भाव आला आहे, हे गुरुजींनी हसत हसत सांगितले. चौथा आधार तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे अस्थी घेऊन कोणी गेले की उपाध्ये गाव व आडनाव विचारून वही काढतात आणि आजोबा-पणजोबा कधी आले होते ते वाचून दाखवतात.

पाचवा आधार माणसांच्या आठवणींचा, आणि तोच सर्वांत मोठा. येथे अडचण अशी की, म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतो. तेव्हा गुरुजींनी प्रसंगांचे एक कोष्टक केले होते. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७. खडी फोडायला गेलो तो दुष्काळ म्हणजे १९७२. रात्री भांडी वाजली तो किल्लारीचा भूकंप म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. ‘तुमचा थोरला केव्हाचा?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘खडी फोडायला गेलात तेव्हा तो चालत होता की काखेत होता?’ असे विचारले की लगेच मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती अवश्य टिपून ठेवावी.

आमच्या गावाच्या कोष्टकात आणखी एक प्रसंग आहे : गाव उठले ते साल. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पुणे, सोलापूर आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांतील नदीकाठची गावे त्याच्या पाण्याखाली गेली. आमचे जुने गाव त्यांतलेच. आज ज्याला आम्ही गाव म्हणतो ते वर, माळावर पुन्हा वसवलेले. आधी दुष्काळाने एक शाखा पिंपरीच्या कारखान्यांकडे गेली होती, मग धरणाने उरलेल्यांच्या वाटा फोडल्या. ज्यांना पर्यायी जमीन मिळाली ते तिकडे गेले, ज्यांची थोडी जमीन पाण्याबाहेर राहिली ते येथेच राहिले. एका वाड्याच्या तीन पात्या होत्या. त्यांची आज पाच गावे झाली आहेत. भावकी एका गावात, एका आळीत राहते हे आपण गृहीत धरतो. गाव उठले की भावकीला सुतक आणि वंशावळ यांपलीकडे धरून ठेवणारे काही उरत नाही. मेळावा भरवण्याची गरज वाटली ती म्हणूनच.

२०२३ साली पाऊस कमी झाला आणि उजनी पुरते भरले नाही. या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. पैकी सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे सांडव्याने वा कालव्याने सहजी बाहेर न काढता येणारा. उरलेला सुमारे ५३ टीएमसी हा उपयुक्त साठा. तो संपला की वर्तमानपत्रांत ‘उजनी वजा दहा टक्के’, ‘वजा वीस टक्के’ असे आकडे येऊ लागतात. पाणी शून्याहून कमी कसे, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचा अर्थ एवढाच की, आता मृतसाठ्यातून पाणी चालले आहे, आणि ते उपयुक्त साठ्याच्या किती टक्के आहे ते वजा चिन्हाने सांगितले जाते. २०२४ चा उन्हाळा संपेपर्यंत हा आकडा वजा पन्नासच्याही खाली गेला होता. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. आमच्या जुन्या गावाची जागाही उघडी पडली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पंचवीस-तीस माणसे तिकडे गेलो. पाहण्यासारखे फारसे नव्हते. भेगाळलेला गाळ, शिंपले, जोत्याचे दगड, कुठे एखादा उंबरा. पुरुषमंडळी थबकली, त्यांना काही ओळखू येईना. ओळख पटवली ती आजीने आणि थोरल्या आत्याने. त्यांनी घरे शोधलीच नाहीत. आधी पाणवठ्याची वाट शोधली, वाटेवरून विहीर धरली, आणि विहिरीपासून पावले मोजीत एकेक घर सांगत गेल्या. हा धाकट्या पातीचा वाडा, हे सुताराचे, येथे जाते होते, येथे तुझा बाप जन्मला. गुरुजी वहीत लिहून घेत होते. दोन वर्षे सरकारी दप्तरांत त्यांना न सापडलेली तीन नावे त्या अर्ध्या तासात सापडली. ज्यांचे नाव वंशावळीत नव्हते त्यांच्या आठवणीवर ती पूर्ण होत होती, हे त्या वेळी कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पितरांना पाणी देण्याचा विधी झाला. मातीच्या कऱ्यात पाणी, त्यावर आंबा, पुरणपोळीचा नैवेद्य. आमच्याकडे या दिवसाला अखिती म्हणतात, आणि पितरांना दाखवल्याखेरीज आंबा खात नाहीत. नावे घेऊन पाणी सोडायचे म्हणून गुरुजींनी भिंतीवरची वंशावळ मोठ्याने वाचली. पाच पिढ्या, सत्तेचाळीस नावे. त्यांत एकही बाई नव्हती. माझ्या धाकट्या भावाचे नाव होते. तो सहावीत आहे. माझे नव्हते. मी मनातल्या मनात एक सोपा हिशेब केला. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ, त्यांच्या वरच्या पिढीत सोळा. चार पिढ्यांत मिळून माझ्या अंगात तीस माणसांचे रक्त आहे. वंशावळीने त्यांतली चार सांगितली. उरलेल्या सव्वीसांचे काय, असा प्रश्न ती विचारीतच नाही.

जेवणे झाल्यावर दुसरा कागद निघाला. आजोबा १९८८ साली वारले. पण पाण्याबाहेर राहिलेल्या साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर त्यांचेच नाव आहे. वारसनोंद राहून गेलेली. त्यावाचून सोसायटीचे कर्ज मिळत नाही, ठिबकचे अनुदान मिळत नाही. जमीन कसतात ते धाकटे काका, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. त्यांनी वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि त्यासोबत हक्कसोडपत्र लिहून आणले होते. तीन आत्यांनी त्यावर सह्या करायच्या आणि पुढल्या आठवड्यात दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन ते नोंदवायचे. तिघींसाठी साड्याही आणलेल्या होत्या.

येथे कायदा थोडक्यात सांगणे जरूर आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलगी वारस झाली. तथापि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतःच हक्क असे तो मुलांनाच. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींनाही तो दिला. पण त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली. आणि त्या दिवशी वडील हयात असणे जरूर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. म्हणजे हक्क आहे. तो सोडायचा तर लेखी व नोंदणीकृत दस्त हवा. तोंडी सोडून चालत नाही. म्हणूनच बहिणींना बोलावणे आले की पुष्कळ घरांत साडीच्या घडीबरोबर हा दस्तही येतो.

त्या प्रतिज्ञापत्रासोबत एक वंशावळ जोडलेली होती. ती मी वाचली. तीत तिन्ही आत्यांची नावे होती, माहेरची आणि सासरची दोन्ही, वयासकट. कायद्याला सारे वारस दाखवावे लागतात. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी, दोन वंशावळी होत्या. भिंतीवरच्या वंशावळीत आत्या नव्हत्या, कारण त्यांना वाटा नाही असे भावकी मानते. कचेरीच्या वंशावळीत त्या होत्या, कारण त्यांना वाटा आहे असे कायदा मानतो. पण ते नाव लिहिले होते ते पुढच्याच पानावर सोडवून घेण्यासाठी.

मधल्या आत्याने सही केली. तिचे घर चांगले आहे, आणि भावाची ओढाताण तिला दिसत होती. तिने ती आनंदाने केली यात मला शंका नाही. धाकटी आत्या नवऱ्याला विचारते म्हणाली. थोरल्या आत्याने कागद हातात घेतला, मुलाकडून वाचून घेतला, आणि भिंतीकडे बोट करून म्हणाली, “त्या कागदावर म्हाजं नाव न्हाई, आन् ह्या कागदावर हाय. सोडायचं म्हंजी आदी धरल्यालं पाहिजे. आदी तितं लिवा, मंग हितलं बघू.”

कोणी बोलले नाही. काकांचा चेहरा उतरला. आत्याला साडेतीन एकरांतला तिचा तुकडा नको होता हे सर्वांना ठाऊक होते; तरीही तिने पणाला लावले होते ते मोठे होते. जमिनीचा वाटा मागितला की माहेर तुटते, ही भीती प्रत्येक बाईला असते, आणि ती निराधार नाही. आजारपणात, लेकीच्या लग्नात, नवऱ्यामागे भाऊ उभा राहतो या एका भरवशावर किती बायकांनी हक्कसोडपत्रे केली असतील! कायदा तिला जमीन देऊ शकतो. माहेर देऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला काकांनी तीस वर्षे ती जमीन कसली, आजीला सांभाळले, तिची औषधे केली. त्याची नोंदही कोणत्या कागदावर नाही. हा वाद चांगला विरुद्ध वाईट असा नव्हता, म्हणूनच तो अवघड होता.

गुरुजी उठले. त्यांनी भिंतीवरचा कागद उतरवला आणि चटईवर अंथरला. मला शेजारी बसवले, कारण माझे अक्षर बरे आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही नावे लिहीत होतो. सुना आल्या, त्यांची माहेरची नावे आली, लेकी आल्या. लग्नात नाव बदललेल्या बायकांची दोन-दोन नावे लिहावी लागली. एका पणजीचे माहेरचे नाव कोणालाच आठवेना, तेथे जागा कोरी ठेवली. कागद पुरेना, म्हणून खाली दुसरा चिकटवला. सत्तेचाळीसाची एकशे तेरा नावे झाली. त्यांत एक माझे.

थोरल्या आत्याने सही त्या दिवशी केली नाही, आणि पुढेही केलेली नाही. वारसनोंदीत सहाही भावंडांची नावे लागली. त्यासाठी हक्कसोडीची गरज नव्हतीच. मात्र आता सोसायटीच्या कागदावर थोरल्या आत्याची संमती लागते, ती ती दरवेळी देते आणि काका दरवेळी कुरकुरतात. २०२५ च्या अखितीला काकांनी तिला बोलावणे धाडले नाही, आजीने धाडले. ती आली, जेवली, काकांशी मोजके बोलली. सारे गोड झाले असे म्हणता येणार नाही. तुटले असेही नाही.

यातून मला जे दिसले ते असे. भावकी ही मायेची संस्था आहे असे आपण सणासमारंभात म्हणतो. तिची घडण मात्र हिश्शाची आहे. वाटा बदलला की नाव बदलावे लागते. कायद्याने वाटा बदलून बराच काळ लोटला. नावे लिहायची राहिली आहेत. ती लिहिली म्हणजे सारे प्रश्न सुटतील असे नव्हे. पण हक्क घेणारी असो वा सोडणारी, ती आधी कागदावर असली पाहिजे. जी मुळात नाहीच तिने उदार तरी कसे व्हावे?

आपल्यापैकी बहुतेक जण सुट्टीत गावी जातात. जाताना एक दोनशे पानी वही न्यावी आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे. तिला चार गोष्टी विचाराव्यात : तिचे माहेरचे नाव काय, तिच्या आईचे नाव काय, तिच्या नणंदा कोठे दिल्या, आणि जी मुले जगली नाहीत त्यांची नावे काय ठेवली होती. सन विचारू नये, प्रसंग विचारावा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तलाठ्याचे दप्तर पुढच्या वर्षीही तेथेच असेल.